मधली, खालची, आतली

गादी डोळ्यांनी घ्यायची नसते, पाठीने घ्यायची असते. हे वाक्य माझं स्वतःचं आहे आणि आमच्या दुकानाच्या दारावर लावण्याच्या लायकीचं आहे, पण मालकांना ते पटत नाही. दारावर त्यांनी 'कृपया गाद्यांवर उड्या मारू नयेत' असं लावलंय. असो. सांगायचा मुद्दा, आरामाच्या बाबतीत मी ऐकीव बोलणारा माणूस नाही. नवरा-बायको गादी बघायला आले, की मी दोघांनाही चपला काढून झोपायला लावतो. एकटा नवरा झोपून "छान आहे" म्हणाला, तर मी ती गादी विकत नाही. दोघं झोपली की एकाला कूस बदलायला सांगतो आणि दुसऱ्याला विचारतो, "तुम्हाला हलल्यासारखं वाटलं का?" वाटलं, तर दुसरी गादी. कित्येक संसार मी अशा रीतीने मार्गी लावलेत, आणि आजवर एकानेही परत येऊन आभार मानलेले नाहीत.

तेव्हा जहाजावरची केबिन निवडायचं काम घरात निघालं, ते आपसूकच माझ्याकडे आलं.

निघालं ते बायकोच्या निवृत्तीमुळे. ती इस्पितळात एक्स-रे काढायची. एक्स-रेची खोली तळघरात आहे. तिला जाड भिंती आहेत, जाड दार आहे, दारावर लाल दिवा आहे, आणि खिडकी नाही. बाहेर ऊन आहे की पाऊस, हे तिला पेशंटच्या छत्रीवरून कळायचं. सगळी नोकरी तिने त्या खोलीत लोकांना "श्वास घ्या, रोखा, हलू नका... सोडा" असं सांगण्यात घालवली. हे सगळं ती ज्या आवाजात सांगते, त्या आवाजापुढे माणूसच काय, घरातला पंखासुद्धा हलत नाही.

निवृत्तीनंतर काय हवं, असं मी विचारलं. "काहीही चालेल" हे तिचं ठरलेलं उत्तर. माझं सगळं वैवाहिक आयुष्य त्या उत्तराच्या आधाराने सुखाचं झालेलं आहे. पण या वेळी ती म्हणाली, "मला समुद्र बघायचाय. जहाजाने जाऊ. आणि खोलीला खिडकी हवी. झोपल्याझोपल्या पाणी दिसलं पाहिजे. बाकी तुम्ही ठरवा."

इतकं सोपं होतं सगळं. बुकिंगच्या ऑफिसात बसणाऱ्या मुलीने जहाजाचा नकाशा माझ्यासमोर पसरला, एका चौकोनावर पेन टेकवलं आणि म्हणाली, "काका, ही घ्या. वरच्या मजल्यावर आहे, मोठी खिडकी आहे, पलंग खिडकीला लागून. शनिवार संध्याकाळपर्यंत तुमच्या नावावर धरून ठेवते."

आता कुठल्याही शहाण्या माणसाने काय केलं असतं? "बरं" म्हणून घरी आला असता. मी म्हणालो, "विचार करून सांगतो."

याला कारण होतं. मला हलणारं काहीही सोसत नाही. बस नाही, झोपाळा नाही, लिफ्टसुद्धा नाही. न्हाव्याने खुर्ची गोल फिरवली तरी मी दोन्ही हातांनी दांडे धरतो आणि डोळे मिटतो. बायकोला हे ठाऊक आहे, पण "एक गोळी घ्या" यापलीकडे तिने त्याला कधी किंमत दिली नाही. रोज मोडलेली हाडं बघणाऱ्या बाईला मळमळ म्हणजे काहीच वाटत नाही. मला मात्र ऑफिसातून बाहेर पडल्यापासून एकच चित्र दिसायला लागलं. मोठी खिडकी, तिच्यात खालीवर होणारं पाणी, शेजारी आनंदाने फुललेली बायको, आणि पलंगाच्या दुसऱ्या काठावर बादली धरून बसलेला मी.

अशा वेळी माणसाने कुणाशी बोलू नये. मी साडूभाऊंना फोन केला.

साडूभाऊ विम्याचं काम करतात, त्यामुळे संकट हा त्यांचा आवडता विषय आहे. शिवाय एकदा ते लाँचमधून खाडी ओलांडून पलीकडे गेले होते. तेव्हापासून समुद्राबद्दल बोलताना ते किंचित डोळे बारीक करतात. फोनवरही ते कळतं.

"खिडकी?" ते म्हणाले. "म्हणजे बाहेरची बाजू. म्हणजे डोलणार."

"किती डोलणार?"

"तुझ्यापुरतं बोलायचं तर पुरेसं. आणि वरचा मजला? अरे, झाडाच्या शेंड्याला झोका जास्त की बुंध्याला? माझं ऐक. मधली घे, खालची घे, आतली घे. जहाजाच्या पोटात. तिथे पेल्यातलं पाणीसुद्धा हलत नाही."

"पण हिला खिडकी हवी आहे."

"खिडकीतून बघायला तू शुद्धीवर असायला हवास ना," ते म्हणाले, आणि दुसरा फोन आल्याचं सांगून त्यांनी मला त्या वाक्याबरोबर एकटं सोडलं.

दुसऱ्या दिवशी सगळ्या इमारतीला बातमी कळली. कशी, ते विचारू नका. मी फक्त जिन्यात तीन-चार जणांशी बोललो होतो. संध्याकाळी वरच्या मजल्यावरचे कप्तान आले. कप्तान म्हणजे जहाजाचे नव्हेत. इमारतीच्या व्हॉलीबॉल संघाचे, तेही एकाच सामन्यापुरते, आणि तो आम्ही हरलो. पण हाक तीच पडली, आणि हाकेचा माणसावर परिणाम होतो. त्यांनी नकाशा हातात घेतला, खिशातून लाल पेन्सिल काढली आणि जहाजाच्या पुढच्या सगळ्या केबिनींवर फुली मारली.

"पुढचा भाग लाटेवर आपटतो," ते म्हणाले.

त्यांच्या मागोमाग तळमजल्यावरचे नळवाले काका आले. त्यांचं आयुष्य इमारतींचे पाइप टाकण्यात गेलं. त्यांनी मागच्या केबिनींवर फुली मारली, कारण तिथे इंजिनाची घरघर. मग स्वयंपाकघराखालच्या केबिनींवर मारली, कारण पहाटे भांडी. लिफ्टजवळच्यांवर मारली, कारण दारं. नाचाच्या हॉलखालच्यांवर मारली, कारण पाय. "आणि जिथे जिथे संडास वर आहे आणि पलंग खाली, तिथे झोपू नका, हे मी अनुभवाने सांगतो," असं म्हणून त्यांनी चहाचा कप ठेवला. त्यांचा कसला अनुभव, हे विचारायचं धाडस कुणाला झालं नाही.

ते दोघे गेल्यावर नकाशा गोवर आल्यासारखा दिसत होता. बायकोने मात्र तिचा एक चौकोन बोटाने शोधून काढला. "ही तर कोरी आहे अजून. मग ठरलं ना?"

"बघू," मी म्हणालो.

"बघू काय त्यात?"

"अगं, नुसत्या नकाशावरून कसं कळणार? केबिन काही डोळ्यांनी घ्यायची नसते."

इथून गोष्टी माझ्या हाताबाहेर गेल्या, असं लोक म्हणतात. माझ्या मते इथपर्यंत सगळं शास्त्रशुद्ध होतं. मी दुकानातून चिकटपट्टीची गुंडाळी आणली, सोफा भिंतीला उभा केला, टीपॉय स्वयंपाकघरात नेला आणि हॉलच्या फरशीवर केबिन आखली. तंतोतंत मापात. हा पलंग, हे कपाट, हे न्हाणीघर, हे दार. एका भिंतीवर पट्टीचा चौकोन लावला, ती खिडकी. मालकांकडून दोन गाद्या मागून आणल्या. घरात तालीम करू, राहून बघू, मग निर्णय घेऊ, असा माझा विचार होता, आणि तो विचार मी आजही कुणापुढेही मांडायला तयार आहे.

तालमीला गर्दी झाली. कप्तान घराच्या दारातून सरळ आत आले तर नळवाले काका ओरडले, "भिंतीतून काय येताय! दार तिकडे आहे!" कप्तान मुकाट्याने मागे गेले आणि पट्टीच्या दारातून आत आले. मग गादीखाली लाटणी घालून, चौघांनी चार कोपरे धरून, मला झुलवायचं ठरलं. वरचा मजला म्हणून आधी जोरात. मी आडवा झालो. बायको शेजारच्या गादीवर बसली होती, भिंतीवरच्या रिकाम्या चौकोनाकडे बघत.

"सुरू," कप्तान म्हणाले.

पुढचं मी थोडक्यात सांगतो. मी न्हाणीघरापर्यंत पोचलो नाही. खऱ्याही नाही आणि पट्टीच्याही नाही. नळवाले काकांचे पायमोजे त्यांनी नंतर परत मागितले नाहीत. इमारतीतल्या माणसांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती नजर मी जिन्यात अजून टाळतो.

सगळे गेल्यावर बायकोने फरशी पुसली. मला पाणी दिलं. ती रागावली नव्हती, उलट हसू दाबत होती. "गोळी घ्या तिकडे," ती म्हणाली. "आणि उद्या जाऊन ती केबिन पक्की करून टाका. शनिवार आलाय." मग पुन्हा त्या चौकोनापाशी जाऊन उभी राहिली आणि त्याचा एक सुटलेला कोपरा तिने अंगठ्याने नीट दाबून बसवला.

खरं तर तिथेच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. पण घरच्या फरशीवर, खाली भक्कम इमारत असताना ही गत, तर भर समुद्रात काय होईल, या धास्तीने मला दुसरं काही सुचेना.

मी दुसऱ्या दिवशी बुकिंगच्या ऑफिसात गेलो खरा, पण वाटेत डॉक्टरांकडे वळलो.

कारण असं, की मधली-खालची-आतली केबिन मी आधीच फोनवर मागून बघितली होती आणि ती मुलगी म्हणाली होती, तशा सगळ्या भरल्यात. काही थोड्या राखून ठेवल्यात, त्या प्रकृतीच्या कारणावरून मिळतात आणि त्याला डॉक्टरांचा दाखला लागतो. डॉक्टरांनी मला तपासलं. "प्रकृती उत्तम आहे," ते म्हणाले.

"तसं नको हो! वाईट आहे असं लिहून द्या."

"पण तुम्ही समुद्रावर कधी गेला आहात का?"

"नाही."

"मग समुद्राचा त्रास होतो हे मी कसं लिहू?"

"घरात झाला."

डॉक्टरांनी चष्मा काढला. मी त्यांना गाद्या, लाटणी, कप्तान आणि पायमोजे हे सगळं सविस्तर सांगितलं. त्यांनी चष्मा पुसून परत लावला. मग त्यांनी दाखला लिहिला. त्यात त्यांनी नेमकं काय लिहिलं हे मला वाचता आलं नाही, पण बुकिंगच्या मुलीने तो वाचला आणि माझ्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला.

"एक आहे," ती संगणकात बघत म्हणाली. "खालचा मजला, बरोबर मध्ये, आतल्या बाजूला. सगळ्यांत कमी हलणारी. पण काका, खिडकी नाही हं."

"माहीत आहे."

"आणि वरची एकदा सोडली, की ती परत कंपनीकडे जाते. माझ्या हातात राहत नाही. नंतर 'आम्हाला तीच द्या' म्हणालात तर मी काही करू शकणार नाही."

"हो."

"काकूंना विचारलंत ना?"

तिच्या टेबलावर एक छोटं प्लास्टिकचं जहाज होतं, त्याच्याकडे मी बघितलं. मग म्हणालो, "तिला काहीही चालतं."

घरी आलो. बायकोने दार उघडलं. "झालं?"

"झालं," मी म्हणालो. यात खोटं एक अक्षर नव्हतं.

त्यानंतरचे दिवस माझे कसे गेले ते माझं मला माहीत. बायको खुशीत होती. तिने दुर्बीण आणली. खिडकीत ठेवायला एक छोटी उशी शिवली. पाणी बघताना कोपर टेकवायला म्हणे. शेजारणीला सांगितलं, की सकाळी डोळे उघडले की पडदासुद्धा बाजूला करायचा नाही, तो आदल्या रात्रीच उघडा ठेवायचा. मी पेपरात तोंड घालून ऐकत असे. रोज ठरवायचो, आज सांगू. आज जेवण झाल्यावर सांगू. जेवण झालं की वाटायचं, भरल्या पोटी कशाला. दुकानात माझं लक्ष लागेना. एका जोडप्याला मी झोपवलं आणि कूस बदला म्हणायचंच विसरलो. ते तसेच निमूट पडून राहिले, शेवटी मालकांनी येऊन उठवलं.

मग एका संध्याकाळी कंपनीकडून पाकीट आलं आणि मी घरी नव्हतो.

मी आलो तेव्हा बायको गॅलरीच्या दारात उभी होती. तिने जहाजाचा नवा नकाशा दोन्ही हातांनी वर उजेडात धरला होता, एक्स-रेची फिल्म धरतात तसा. तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. पेशंटसमोर ती असाच चेहरा ठेवायची. हाड मोडलंय की नाही, हे सांगणं डॉक्टरांचं काम, असं ती म्हणते.

"या," ती म्हणाली. "ही आपली केबिन ना? तळाला?"

"अगं, ऐक. तिथे अजिबात हलत नाही. पेल्यातलं पाणीसुद्धा..."

"शेजारी काय आहे, वाचलंत?"

मी वाचलं नव्हतं. मी चष्मा शोधला. तो डोळ्यांवरच होता. आमच्या चौकोनाला चिकटून एक मोठा चौकोन होता, त्यात बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'दवाखाना'. जहाजावर आजाऱ्यांना जिथे सगळ्यांत कमी हादरे बसतील तिथे दवाखाना ठेवतात, ही गोष्ट नंतर विचार केल्यावर अगदी रास्त वाटते. त्या चौकोनाच्या आत आणखी एक लहान चौकोन होता, आमच्या पलंगाच्या बरोबर पलीकडे. त्यात लिहिलं होतं, 'एक्स-रे'.

फरशीवर चिकटपट्टीच्या खुणा अजून होत्या आणि आम्ही दोघं नेमके त्या केबिनीत उभे होतो.

"मी बदलून आणतो," मी म्हणालो. "आत्ता जातो."

"तुम्ही दुकानात दोघांना झोपवून बघता," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "एकटा नवरा झोपला तर गादी विकत नाही म्हणता. सगळ्यांना सांगत फिरता. आणि इथे एकटेच झोपून आलात."

मी नुकत्याच काढलेल्या चपला पुन्हा पायात सरकवल्या.

"चालेल," ती म्हणाली, नकाशाची घडी घातली आणि आत गेली. तिच्या तोंडून तो शब्द मी हजारदा ऐकलाय, पण त्या दिवशी पहिल्यांदा मला त्याची भीती वाटली.

मी धावत ऑफिसात गेलो. मुलगी कुलूप लावत होती. मी तिला सगळं सांगितलं. दाखला फाडून टाका म्हणालो, मला ठणठणीत जाहीर करा म्हणालो, जहाजाच्या टोकाला, शिडाला, कुठेही बांधा म्हणालो.

"काका, जहाजाला शीड नाही," ती म्हणाली. "आणि ती वरची केबिन गेली. दुसऱ्यांनी घेतली."

"कुणी?"

"नाव सांगता येत नाही. नियम आहे." असं म्हणताना तिने किल्ल्यांकडे बघितलं. मला वाटलं, बिचारीला वाईट वाटतंय.

निघेपर्यंत बायको माझ्याशी नीट बोलत होती. हेच वाईट होतं. भांडली असती तर मी कुठेतरी वरचढ ठरायचा प्रयत्न केला असता. ती वेळेवर चहा देत होती, माझ्या गोळ्या डबीत भरत होती. दुर्बीण आणि उशी मात्र सामानातून दिसेनाशी झाली होती. मी एकदा चोरून तिची बॅग उघडून बघितली. नव्हती. बॅग बंद करताना मला घशाशी आलं, आणि त्या वेळी काहीही हलत नव्हतं.

बंदरावर आम्ही पोचलो. जहाज एखाद्या लांबलचक इमारतीएवढं होतं आणि त्याला वरपासून खालपर्यंत खिडक्या होत्या. इतक्या खिडक्या मी आयुष्यात एकत्र पाहिल्या नव्हत्या. त्यांतली एकही आमची नव्हती. मी मान खाली घालून रांगेत उभा राहिलो, तेवढ्यात पाठीवर थाप पडली.

"काय दर्यावर्दी!" साडूभाऊ डोळे बारीक करून उभे होते. शेजारी मेहुणीबाई होत्या, आणि त्यांच्या खांद्याला आमची दुर्बीण लटकत होती.

मी आधी दुर्बिणीकडे बघितलं, मग बायकोकडे.

"त्या मुलीचा मला त्याच दिवशी फोन आला होता," बायको म्हणाली. "केबिन बदलायची तर दोघांची संमती लागते. नियम आहे. मी म्हटलं, त्यांना हवी ती त्यांना द्या. माझी मला ठेवा."

"त्याच दिवशी? मग तू इतके दिवस..."

"तुम्ही सांगाल म्हणून वाट बघत होते."

"पण मग नकाशा बघून तू..."

"खाली खिडकी नसणार, ते माहीत होतं. एक्स-रे आहे ते मलाही तेव्हाच कळलं." तिच्या ओठाचा कोपरा जरा हलला. "केबिनींत पलंग दोन-दोन. मोकळे कशाला ठेवायचे? मी आणि ताई वर. तुम्ही आणि भाऊजी खाली. भाऊजींनीच ना निवडून दिली?"

साडूभाऊंच्या चेहऱ्यावरचा दर्या ओसरला. "खाली म्हणजे? आतली? अगं, मला सांगितलं होतं की..."

"मधली, खालची, आतली," मेहुणीबाई म्हणाल्या. "पेल्यातलं पाणी हलत नाही म्हणे." आणि दोघी बहिणी हातात हात घालून वर गेल्या.

केबिन मात्र मी निवडली होती तशीच होती, हे मी अभिमानाने नमूद करतो. निवांत, भक्कम, गादी मध्यम कडक, उत्तम प्रतीची. साडूभाऊंनी आत आल्याआल्या दिवा लावला, भिंतींकडे बघितलं, पुन्हा दिवा बंद करून बघितला आणि डोळे उघडे आहेत की मिटलेले हे न समजल्याने घाबरून परत लावला. मग ते पलंगावर आडवे झाले आणि समुद्रातल्या अपघातांविषयी मला माहिती देऊ लागले. भिंतीपलीकडून कुणीतरी कुणाला तरी म्हणालं, "श्वास रोखा." साडूभाऊंनी रोखला.

जहाज सुटलं तेव्हा आम्हाला कळलंसुद्धा नाही. थोड्या वेळाने मला कळलं. पेल्यातलं पाणी खरोखरच हलत नव्हतं. भिंती हलत नव्हत्या, पलंग हलत नव्हता, डोळ्यांना दिसेल असं काहीच हलत नव्हतं. पण माझ्या पोटात कुणीतरी चार कोपरे धरून झुलवत होतं. मी गोळी घेतली. ती परत आली. साडूभाऊ म्हणाले, "मानसिक आहे," आणि स्वतः उठून न्हाणीघरात गेले आणि बाहेर येईनात.

मी भिंतीला धरून बाहेर पडलो. दवाखान्याच्या दारावर लाल दिवा लागला होता. मी पुढे गेलो. लिफ्टमध्ये बसायची हिंमत नव्हती, म्हणून जिना धरला. किती मजले चढलो, मला माहीत नाही. वाटेत भेटणारी माणसं माझ्या तोंडाकडे बघून बाजूला होत होती. शेवटी एका दारावर थाप मारली आणि चुकून ते बरोबर निघालं.

मेहुणीबाईंनी दार उघडलं, मला बघितलं आणि "मी जरा चहाचं बघते," म्हणून निघून गेल्या.

बायको पलंगावर खिडकीशी बसली होती. कोपराखाली ती छोटी उशी होती. खिडकी खरंच मोठी होती, पडदा पूर्ण उघडा होता, आणि दुपारचं ऊन सरळ तिच्या तोंडावर पडलं होतं. इतक्या वर्षांत मी तिला उन्हात नीट पाहिलंच नव्हतं, हे मला तेव्हा कळलं. ती सकाळी लवकर निघायची आणि दिवे लागल्यावर यायची.

"काय झालं?" ती म्हणाली.

"हलतंय."

"खाली हलत नाही म्हणत होतात."

"माझ्या आत हलतंय," मी म्हणालो, आणि मग बाकीचंही बाहेर पडलं. "चुकलं माझं. तुला विचारायला हवं होतं. मी घाबरलो होतो. तुझ्यासमोर सगळे दिवस बादली धरून बसायचं, तुझी सगळी सहल वाया घालवायची... त्यापेक्षा वाटलं, खिडकी नसली तरी..." घशाशी काहीतरी आलं होतं आणि ते काय असेल याचा भरवसा नव्हता.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग सरकली. उशी माझ्या बाजूला ढकलली.

"बसा इथे. खाली बघू नका. पाण्याकडे नाही, लांब बघा. ते पाणी संपतं ना, आभाळाला लागतं, ती रेघ. तिच्यावर डोळे ठेवा. ती हलत नाही."

मी बघितलं. खरंच, सगळं हलत होतं आणि ती रेघ तेवढी जागच्या जागी होती. मी तिला डोळ्यांनी घट्ट धरलं. बायकोने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि तिच्या त्या आवाजात म्हणाली, "श्वास घ्या."

मी घेतला.

"रोखा. हलू नका."

मी रोखला. पोट हळूहळू जागेवर आलं. ऊन माझ्याही तोंडावर पडलं. पुढच्या शब्दाची वाट बघत मी तसाच बसून राहिलो, पण तो शब्द येईना. छाती भरून आली, कानात गुणगुणायला लागलं, तरी येईना. रेघेवरची नजर न काढता मी डोळ्याच्या कोपऱ्यातून तिच्याकडे पाहिलं. ती समुद्राकडे बघत होती. माझ्या पाठीवरचा हात तसाच होता, पण 'सोडा' म्हणायचं ती साफ विसरून गेली होती.

मी अगदी हळू, तिला कळणार नाही असा, श्वास सोडला आणि हललो नाही.